मधलं घर कुणाच्या मधलं?

पत्र जुळे सोलापुरातल्या एका 24 वर्षांच्या मुलीचं आहे. तिला हिंजवडीला नोकरी लागलीय. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम, हातात येणार 38 हजार. शाळेपासूनच्या दोन मैत्रिणीही पुण्याला निघाल्यात. एकीची नोकरी खराडीत, पाचही दिवस ऑफिसात. दुसरी एमपीएससीची तयारी करतेय. तिची अभ्यासिका सदाशिव पेठेत आहे, वडील यंत्रमागावर कामाला, आणि भाड्याला आठ हजारांच्या वर तिला झेपणार नाही. तीन रविवार हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन-येऊन तिघींनी घरं पाहिली. हिला बाणेरचं आवडलं, भाडं 36 हजार. पेठेत अभ्यास करणारीला कोथरूडचं परवडण्यासारखं वाटलं, भाडं 27 हजार. आईचं म्हणणं वेगळंच: "मामा हडपसरला आहे, तिकडंच बघा. आणि तिघी मिळून राहणार असला तरच जावा, नाहीतर काही नको." शेवटी मुलींनी नकाशावर त्रिकोण काढून मध्यबिंदू शोधला. तोही उपयोगाचा निघाला नाही. ती लिहिते, "सगळ्यांना सारखं पडेल असं मधलं घर मिळत नाही. मैत्रिणीच्या वाटणीचे पैसे मी गुपचूप भरायला तयार आहे, पण तिला वाईट वाटेल. आणि आता वेगळं राहू म्हटलं तर मैत्री तुटेल. काय करू?"

अगं, त्या त्रिकोणावर मी पोटभर हसले. पेन्सिल घेऊन मीही काढून बघितला. हिंजवडी, खराडी आणि सदाशिव पेठ यांचा मध्य पडतो खडकी-रेंज हिल्सच्या आसपास. तिथे लष्कराच्या वसाहती आहेत. तिथं घर हवं तर तिघींना आधी सैन्यात भरती व्हावं लागेल.

पण हसून झाल्यावर लक्षात आलं की तुमची सगळी शोधाशोध त्या एका शब्दाभोवती फिरतेय: सारखं. सारखं अंतर, सारखं भाडं, सारखा त्रास. तिघींचे दिवस मात्र सारखे नाहीत. तू आठवड्यातून तीनदा बाहेर पडणार. खराडीवाली पाचदा. आणि पेठवाली? ती सातही दिवस सकाळी अभ्यासिकेत जाणार आणि रात्री परतणार, रविवारी टेस्ट सिरीज असली तर जास्तच लवकर. मग किलोमीटर मोजून काय कळणार? तास मोज, तेही आठवड्याचे.

मी मोजून बघितले. आकडे अंदाजाचे आहेत, तुझ्या अनुभवाने बदलून घे. घर कोथरूडला, वनाझ मेट्रो स्टेशनच्या आसपास आहे असं समज. तुला चांदणी चौकातून बायपासने हिंजवडीला गर्दीच्या वेळी सव्वा तास धरू. तीन दिवस जाऊन-येऊन झाले साडेसात तास. खराडीवाली वनाझला मेट्रोत बसली की थेट रामवाडी, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. एका फेरीला एक तास दहा मिनिटं धरली तर आठवड्याला पावणेबारा तास. पेठवाली डेक्कनला उतरून लकडी पूल ओलांडून चालत अभ्यासिकेत, पंचवीस मिनिटांत. तिचे सात दिवसांचे मिळून सहा तासही होत नाहीत. तिघींची बेरीज साधारण 25 तास.

आता तेच बाणेरला. तुझे साडेसातचे साडेचार तास होतात. खराडीवालीला गाव आडवं पार करायचंय, दीड-दीड तास धर, तिचे पंधरा. पेठवालीचे फेरीला पन्नास मिनिटं म्हटले तरी बारा तासांच्या जवळ. म्हणजे तुझे तीन तास वाचवायला एकीचे तीन तास नि दुसरीचे सहा तास खर्ची पडतात, आणि वर महिन्याला नऊ हजार जास्त. तू पत्रात बाणेरला "मधलं" म्हटलं आहेस. ते तुझ्या मधलं आहे, बाई. यात तुझा दोष नाही. प्रत्येकीला आपल्या ऑफिसाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचंच घर मध्यावर वाटतं.

आणखी एक. तुम्ही तिन्ही वेळा रविवारी गेलात. साडेसहाची हुतात्मा, साडेदहाच्या सुमारास पुणं, आणि संध्याकाळी सहाची परतीची गाडी गाठायची म्हणून धावपळ. सात तासांत तीन भाग बघायचे म्हटल्यावर टाईल्स आणि बाल्कनीच दिसणार. रविवारी दुपारी हिंजवडीचा रस्ता आपल्या होटगी रोडपेक्षा मोकळा असतो. एजंटने तुला "पंचवीस मिनिटं" सांगितली ती खोटी नव्हती, फक्त रविवारची होती. घर नक्की करण्याआधी एकदा तरी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी नऊला त्या दारातून निघ आणि ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन दाखव. आणि जाण्याआधी कंपनीला विचार, तुमची बस कुठून सुटते, कुठे थांबते. बसचा थांबा आधी, त्याभोवती घर नंतर. रात्रपाळी पडणार असेल तर बायकांना घरापर्यंत नेण्या-आणण्याची सोय कंपनीने करायची असते. तेही रुजू होतानाच विचारून घे, नंतर एचआरच्या मागे फिरत बसू नकोस.

हडपसरचं म्हणशील तर आईचं मला कळतं. सोलापूर रोडवर हडपसर, मांजरी, फुरसुंगीला आपली निम्मी माणसं राहतात, कारण गावाकडून येणारी एसटी तिथे दारात उतरवते. खराडीवालीला ते जवळही पडेल. पण तुला रोज शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं आहे. मामा ताप आला तर हवा, गणपतीला हवा, गाडी पंक्चर झाली तर हवा. मंगळवारी सकाळी साडेआठला मामाचा काही उपयोग नाही. आईला "हडपसर नको" असं तोडून सांगू नकोस. "कोथरूडहून मामाकडे रविवारी जाईन" असं सांग. आणि जा.

आता पैशांचं, कारण तुझ्या पत्रातला खरा गुंता तिथे आहे.

तू म्हणतेस, तिच्या वाटणीचे गुपचूप भरीन. भरू नकोस. तुझ्या मनाचा मोठेपणा खरा आहे, पण गुपचूप दिलेले पैसे गुपचूप राहत नाहीत. सहा महिन्यांनी ती दहा मिनिटं जास्त गीझर चालवेल आणि तुझ्या मनात येईल, "मी हिचं भाडं भरते आणि ही..." तू तोंडाने बोलणार नाहीस. चेहऱ्यावर दिसेल. तिला कारण कळणारही नाही.

त्यापेक्षा भाडं माणसांवर वाटू नका, खोल्यांवर वाटा. कोथरूडचं घर 27 हजारांचं, टू बीएचके. तुला दोन दिवस घरून काम आहे, मीटिंगा आहेत, दार लावता येईल अशी खोली तुलाच लागणार. ती एकटीची खोली 12 हजारांची. दुसरीत दोघी, प्रत्येकी साडेसात. झाले 27. पेठवाली दिवसभर अभ्यासिकेत असते, तिला रात्री पाठ टेकायला जागा आणि एक कपाट हवंय. तिचं भाडं तिच्या आठ हजारांत बसतं आणि कुणाचे उपकार नाहीत. तू जास्त देतेस ते जास्त वापरतेस म्हणून. खराडीवालीला एकटीची खोली हवी असेल तर तिने 12 द्यावेत आणि तू मीटिंगा हॉलमध्ये घ्याव्यात. आधी तिलाही विचार, बरं का. तिच्याबद्दल तुझ्या पत्रात चारच ओळी आहेत, आणि रोजचा सगळ्यात लांबचा प्रवास तिचाच आहे. लाइट बिल, वायफाय, गॅस तीन भागांत. मेंटेनन्स भाड्यात धरलंय का, हे मालकाला पहिल्याच फोनवर विचारा.

मात्र हे सगळं ठरवण्याआधी एक प्रश्न. पेठवालीला नेमकं काय हवंय, हे तिच्या तोंडून ऐकलंस का? तू लिहितेस, "तिला परवडत नाही म्हणून आम्ही तिला सोबत घेतोय." कदाचित तिला सोबत येण्याचं ओझं वाटत असेल. पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कितीतरी मुली आहेत. एका खोलीत तीन-चार कॉट, खाली मेस, अभ्यासिका चालत पाच मिनिटांवर. सोय बेताची, पण आजूबाजूच्या सगळ्याजणी तेच करत असतात, आणि पूर्वपरीक्षेच्या आधी ते वातावरण फ्लॅटपेक्षा जास्त उपयोगी पडतं. शुक्रवारी रात्री तुम्ही दोघी पिझ्झा मागवून ओटीटी लावून बसणार, आणि ती आत अंथरुणावर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडणार. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आण. ती "नाही, मला तुमच्याबरोबरच राहायचंय" म्हणाली तर उत्तमच. पण तिला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवून विचार.

"वेगळं राहिलो तर मैत्री तुटेल" यावर मी काही बोलावं असं तुला वाटतंय. मी सोलापूर सोडून पहिल्यांदा पुण्यात राहिले तेव्हा कर्वेनगरात एका खोलीत आम्ही दोघी होतो, एका बाकावर बसून शिकलेल्या. दीड वर्ष बरं गेलं. मग तिचं लग्न ठरलं आणि तिने आठ दिवसांत खोली सोडली. डिपॉझिट दोघींनी अर्धं-अर्धं भरलं होतं, कागदावर मात्र एकटं माझं नाव. मालकाने रंगकामाचे म्हणून त्यातून बरेच कापले, आणि कापले ते कुणाच्या अर्ध्यातून, यावरून आमची जुंपली. सामान वाटायला बसलो. आईने घेतलेल्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं, ती सरळ वेगळी झाली. एक पातेलं आम्ही दोघींनी मिळून तुळशीबागेतून घेतलं होतं, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. ती म्हणाली, तू ठेव. मी म्हटलं, तू ने. ते पातेलं ओट्यावर तसंच राहिलं, पुढच्या भाडेकरूला मिळालं असेल. तिच्या लग्नाला मी गेले नाही. आमची मैत्री तुटली ती वेगळं राहिल्याने नव्हे.

म्हणून तुला कागदाचं थोडं जास्त सांगते. कंटाळा आला तरी वाच.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं तुला एखादा एजंट सांगेलच. महाराष्ट्रात लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी आता ऑनलाइन होते. एजंट घरी मशीन घेऊन येतो, आधार नंबर टाकून अंगठे घेतो. खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के व्याज धरायचं. 27 हजार भाडं, 80 हजार डिपॉझिट, अकरा महिने: शुल्क येतं साडेसातशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर थोडं हाताळणी शुल्क आणि येणाऱ्या माणसाची मेहनत. कुणी सहा-सात हजार सांगितले तर "हिशेब लिहून द्या" म्हण. लिहायची वेळ आली की आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

करारात तिघींचीही नावं घाला. एकीच्या नावावर करार आणि दोघी "पाहुण्या", असं मुळीच नको. लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचं, नोटीस एक महिन्याची की दोन, सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती, हे सही करण्याआधी वाचा. राहायला गेल्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतीची ओल, नळ, पंख्याचा आवाज. तो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी लागते, ती ऑनलाइन जाते. तिची पावती तुमच्याकडेही असू द्या. तू वाकड-हिंजवडीकडे राहिलीस तर ती पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे जाईल, पुणे पोलिसांकडे नव्हे. यात पुष्कळ जण घोळ घालतात.

तिघींचा आपसातला कागद वेगळा. वहीच्या एका पानावर पुरे. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, मधेच कुणी सोडलं तर किती दिवस आधी सांगायचं, बदली मुलगी कोण शोधणार, आणि ती येईपर्यंत भाडं कुणी भरायचं. सोडणारीला डिपॉझिट नव्या येणारीकडून मिळेल, मालकाकडे मागायचं नाही, हेही लिहा. पेठवालीची परीक्षा आहे, निकाल लागेल, पोस्टिंग कुठेही मिळू शकतं. तिने जाणं हेच तर तुम्हाला हवंय ना? मग ती जाईल तेव्हाचं आजच लिहून ठेवा. आणि फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन यातलं काही एकत्र विकत घेऊ नका. एकेक वस्तू एकेकीची. पातेलंसुद्धा.

घर बघताना पाणी विचारायला मी सांगायला नको. चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळासाठी पिंप, बादल्या, घागरी भरून ठेवणारी आपण माणसं. पण पुण्यात गेल्यावर मुली हे विसरतात, कारण नळ सोडला की पाणी येतं. ते कुठून येतं ते विचार. बाणेर-बालेवाडी, उंड्री, वाघोलीकडच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. मालक "चोवीस तास पाणी" म्हणेल, एजंट मान डोलावेल. तू खाली येऊन वॉचमनला विचार, "काका, उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात?" तो खरा आकडा सांगतो, कारण गेट त्यालाच उघडावं लागतं.

"फक्त फॅमिलीला" असं ऐकून तू रडलीस असं लिहिलं आहेस. पहिल्या फोनवरच विचारायचं: तीन मुली, नोकरी आणि शिक्षण, नॉनव्हेज चालतं का, रात्री दहानंतर यायला हरकत आहे का, आई-वडील येऊन राहिले तर चालेल का. नाही म्हणाले तर वीस मिनिटांची रिक्षा वाचली. खोटं बोलून घर घेऊ नका. रोज मटणाचा वास लपवत जगणं फार दमवतं. कुणी आडनाव विचारून मग "कळवतो" म्हणाला, तर त्याच्या कळवण्याची वाट बघायची नाही. अशा माणसाच्या छपराखाली भाडं भरून राहण्यापेक्षा लांबचं घर परवडलं.

आणि घर न बघता एक रुपया पाठवायचा नाही. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, सोसायटीच्या व्हिजिटर पासचे पैसे भरा, लगेच परत मिळतील" ही फसवणूक जुनी झाली तरी अजून चालते. फोटो फारच छान आणि भाडं फारच कमी दिसलं की सावध व्हायचं. तसंच "मेट्रोपासून पाच मिनिटं" म्हणून दोन हजार जास्त मागणाऱ्याला एवढंच विचार: आज सकाळी त्या स्टेशनातून तुम्ही गाडी पकडलीत का?

आता आई. "तिघी मिळून राहणार असला तरच" ही अट तिने घातली ती तू एकटी पडू नयेस म्हणून. तिला खोली दाखव, नकाशा नको. आठ दिवस येऊन राहायला सांग. ती कट्ट्यावर बसून शेजारच्या दोन बायकांशी बोलेल, वाण्याचं दुकान शोधेल, शेंगाचटणीचा डबा भरून ठेवेल आणि स्वतःच म्हणेल, बरं आहे गं घर. आठ दिवसांच्या वर ठेवून घेऊ नकोस, बाकीच्या दोघींचंही घर आहे ते.

माझं मत विचारशील तर कोथरूड, वनाझजवळ, खोलीप्रमाणे भाडं, तिघींची नावं. ते जमलं नाही तर दुसरा रस्ता: पेठवाली कॉट बेसिसवर, खराडीवाली ऑफिसजवळ पीजीत, तू वाकडला पीजीत. तीन महिने. पीजीत डिपॉझिट कमी अडकतं, सोडताना एक महिन्याची नोटीस पुरते, आणि तोवर आपल्याला सकाळी किती वाजता जाग येते, ऑफिस तीनचे पाच दिवस करतंय का, मैत्रिणीचं घोरणं सहन होतं का, हे सगळं कळतं. मग पुन्हा एकत्र घर शोधायला कुणाची बंदी आहे? पीजीचं जेवण मात्र वाईट असतं, ते धरून चाल. कडक भाकरी सोबत ने.

या रविवारी हुतात्मा नको. रविवारी रात्रीची एसटी धर, पहाटे स्वारगेटला उतर, तोंड धुऊन चहा घे आणि नऊच्या आधी कोथरूडहून चांदणी चौकात जाऊन हिंजवडीची बस पकड. एकटीच जा, मैत्रिणींना नेऊ नकोस, त्यांच्यासमोर तू "चालेल गं" म्हणशील. ऑफिसच्या गेटला पोचल्यावर घड्याळ बघ. हे आपल्याला तीन दिवस जमणार नाही असं वाटलं तर तिथूनच दोघींना फोन कर आणि तसं सांग. त्या कोथरूडसाठी तिसरी मुलगी शोधतील, तू वाकडला पीजी बघ. महिन्याभरात मिळेल त्यांना कुणीतरी, एमपीएससीच्या मुलींना पुण्यात तोटा नाही.